केशर गेली, आता छोटूकडे बघ

ताई, मी नोकरीसाठी मिनियापोलिसला राहते, एकटीच. केशर ही माझी लेपर्ड गेको, म्हणजे पाळीव पाल, सहा वर्षं माझ्याजवळ होती. डिसेंबर संपता संपता तिचं खाणं कमी झालं. थंडीत या गेको कमी खातात असं वाचलं होतं, म्हणून चार-पाच दिवस वाट पाहिली. मग एका रात्री तिनं अर्धवट पचलेली अळी ओकून टाकली आणि माझं लक्ष शेपटीकडे गेलं. जाडजूड शेपटी पार काटकुळी झाली होती. डॉक्टरांनी कातडीखाली सलाइन दिलं, विष्ठेचा नमुना तपासायला पाठवला. रिपोर्ट यायच्या आधीच ती गेली. रिपोर्टमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम निघालं. नोव्हेंबरमध्ये मी एका प्रदर्शनातून दुसरी लहान गेको आणली होती, छोटू. टाकी वेगळी, पण खाऊ घालायचा चिमटा दोघींना एकच. म्हणजे केशरला मीच मारलं का? छोटूचं आता काय करू? आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, पाल होती ती. पालीसाठी कोणी रजा टाकतं का?" ऑफिसात मी "घरी अडचण आहे" एवढंच सांगितलं. केशरला एका डबीत घालून बाल्कनीत बर्फात ठेवलंय. जमीन गोठलेली आहे, पुरायला जागा नाही. काही सुचत नाही.
— एक वाचक, मिनियापोलिस

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातला तातडीचा प्रश्न छोटूचा आहे. तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, म्हणजे वाचून झाल्याबरोबर कामाला लागता येईल. आधी केशरबद्दल बोलू. ते बोलल्याशिवाय बाकीचं तुझ्या कानात शिरणार नाही.

केशरला तू मारलं नाहीस. तुला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. पशुवैद्यक म्हणून म्हणते आहे, आणि कशावरून तेही सांगते.

क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी आहे. लेपर्ड गेकोमध्ये बहुतेक वेळा त्याची व्हरानी नावाची जात सापडते आणि ती लहान आतड्याच्या अस्तरात ठाण मांडते. अस्तर खराब झालं की खाल्लेलं अंगी लागत नाही. जनावर खातं आणि तरी झडत जातं. पुढे खाणंही सुटतं, विष्ठा पातळ होते, ओकारी होते. लेपर्ड गेको आपली बरीचशी शिल्लक चरबी शेपटीत साठवते, त्यामुळे शरीराला अन्न मिळत नसलं की पहिली शेपटी उतरते. पाळणाऱ्यांमध्ये या दुखण्याला 'स्टिक टेल' म्हणतात ते यावरूनच.

आता नीट विचार कर. भरलेली शेपटी चार-पाच दिवसांत काटकुळी होत नाही. त्याला कित्येक आठवडे लागतात, कधी महिने. म्हणजे तू ज्या दिवसांबद्दल स्वतःला दोष देते आहेस, त्यांच्या खूप आधी तिचं आतडं बिघडलं होतं. तुला ते 'अचानक' वाटलं, कारण सरपटणारे प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतात. रानात जो अशक्त दिसतो तो आधी खाल्ला जातो. त्यामुळे अंगात जोर आहे तोवर ते नेहमीसारखेच वागतात, आणि तो जोर संपला की एका रात्रीत कोसळल्यासारखे दिसतात.

दुसरं म्हणजे चिमटा. बऱ्याच गेको हा परजीवी अंगात घेऊन वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतात. मग वय, अंड्यांचा ताण, टाकीतलं तापमान घसरणं, दुसरं एखादं दुखणं, असं काहीतरी निमित्त होतं आणि तो उसळतो. केशर तुझ्याकडे आली तेव्हाच तो घेऊन आली असेल. छोटूकडूनही आला असेल. केशरकडून छोटूला गेला असेल हेही तितकंच शक्य आहे. चिमटा एकच होता ही चूक खरी, ती पुन्हा करायची नाही. पण त्या चिमट्यावरून केशरच्या मरणाचा निकाल लावता येत नाही. तो लावायचा हट्ट सोड.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. या रोगावर आजही खात्रीचं औषध नाही. पॅरोमोमायसिन देतात, त्यानं परजीवीचं प्रमाण कमी होतं, काही जनावरं काही काळ सावरतात. पण तो अंगातून साफ निघून जाईल याची हमी कोणी देत नाही आणि औषध थांबवलं की पुष्कळदा पुन्हा डोकं वर काढतो. इतकी झडलेली गेको पाच दिवस आधी डॉक्टरांकडे पोचली असती तरी वाचली असती असं मला वाटत नाही.

मात्र एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. आधी कळलं असतं तर तिचा शेवट सोपा करता आला असता. डॉक्टरांच्या हातून, इंजेक्शननं, त्रास वाढायच्या आत. ते राहून गेलं. त्याचं वाईट वाटणं रास्त आहे आणि ते वाटूही दे. फक्त त्या वाईट वाटण्याला गुन्ह्याचं नाव देऊ नकोस.

थंडीत खाणं कमी होतं हे तू चुकीचं वाचलं नव्हतंस. धडधाकट, मोठी लेपर्ड गेको हिवाळ्यात कित्येक आठवडे जेमतेम खाते आणि तिला काही होत नाही. अशा साध्या उपासात वजन जवळपास टिकून राहतं, शेपटी भरलेली राहते. आजारात दोन्ही उतरतं. हा फरक रोज बघणाऱ्या डोळ्यांना कळत नाही, कारण रोजचा बदल इतका थोडा असतो की नजर त्याला सरावते. तो काट्यावर कळतो. एक एक ग्रॅम दाखवणारा साधा डिजिटल काटा, आठवड्यातून एकदा वजन, वहीत तारखेसमोर नोंद. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर डॉक्टर गाठायचे, मग जनावर कितीही टवटवीत दिसो. आणि ओकारी दिसली तर वजनाचीही वाट बघायची नाही. हे छोटूसाठी सांगते आहे.

आता बाल्कनीतल्या डबीबद्दल. तिथं ठेवलंस यात काहीही वावगं नाही, त्या घडीला दुसरं काय करणार होतीस? पण पुरण्याआधी किंवा दहनाला देण्याआधी एक विचार कर. विष्ठेच्या तपासणीत क्रिप्टो सापडला म्हणजे त्यानंच ती गेली असं दर वेळी नसतं. गेकोला उंदराची पिल्लं खाऊ घातली असतील तर उंदरांमधली क्रिप्टोची जात नुसती पोटातून वाहत येते आणि तपासणीत दिसते. शिवाय मादीमध्ये आत अडकलेली अंडी, आतड्यात अडथळा, यकृताचे आजार हेही असू शकतं. नराशी कधी गाठ पडली नसली तरी मादी अंडी धरते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शवविच्छेदन केलं तर आतडं प्रत्यक्ष बघता येईल आणि जात कोणती तेही विचारता येईल. तुझ्याजवळ सेंट पॉलला मिनेसोटा विद्यापीठाची पशुरोग निदान प्रयोगशाळा आहे. तुझ्या डॉक्टरांमार्फत तिथं विचारणा कर.

खरं तर अशा वेळी देह फ्रिजमध्ये ठेवायचा असतो, फ्रीजरमध्ये नाही, कारण गोठल्यावर पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली नीट वाचता येत नाहीत. केशर बर्फात असल्यामुळे तेवढी अडचण येईल. पण पीसीआरसारखी तपासणी गोठलेल्या ऊतींवरही होते, म्हणून विचारायला हरकत नाही. हे करायचं की नाही ते तू ठरव. तिला कापलेलं तुला सहनच होणार नसेल तर नको करूस, त्यात तिच्यावर अन्याय होत नाही. मी तुझ्या जागी असते तर केलं असतं, कारण त्या उत्तराचा उपयोग छोटूला आहे.

त्यानंतर दहन. पाळीव प्राण्यांचं दहन करणाऱ्या ठिकाणी गेकोएवढं छोटं जनावरही घेतात. एकटीचं दहन की इतरांबरोबर, हे आधी विचारून घे. एकटीचं केलं तरी राख अगदी चिमूटभर मिळेल, हे आत्ताच माहीत असू दे, म्हणजे हातात पुडी आल्यावर धक्का बसणार नाही. या आजारात मला दहन पुरण्यापेक्षा बरं वाटतं, उष्णतेनं परजीवी पूर्ण मरतो. आणि दिवा लावायचा असेल तर लाव. दहावा-तेरावा नसला तरी त्या दिवशी तिच्या नावानं चार पक्ष्यांना दाणे टाकावेसे वाटले तर टाक. कोणाला विचारायची गरज नाही.

आईचं बोलणं तुला लागलं ते समजतं. पण आईच्या डोळ्यासमोर कोणती पाल आहे ते बघ. ट्यूबलाइटच्या पट्टीमागची, दुधात पडली तर अख्खं पातेलं ओतून द्यायला लावणारी, अंगावर पडली की पंचांगात पल्लीपतनाचं फळ बघायला लावणारी. तिच्या सगळ्या आयुष्यात पाल म्हणजे झाडूनं हाकलायची गोष्ट. केशर तिनं पाहिलीच नाही. ती तुझ्या फोनच्या कोपऱ्यात, काचेपलीकडे, दिवसा लपून बसलेली एक पिवळी आकृती होती.

तर आईला वाद घालून पटवू नकोस, दाखव. केशरला पापण्या होत्या. भिंतीवरच्या पालीला नसतात, ती जिभेनं डोळा पुसते. केशर डोळे मिटून झोपायची. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नव्हत्या, त्यामुळे भिंतीवर चढणं तिच्या जातीलाच ठाऊक नाही, ती जमिनीवर पावलं टाकत चालायची. शिकार दिसली की शेपटीचं टोक थरथरवायची. असा एखादा व्हिडिओ तुझ्याकडे असणारच, तो पाठव. आणि हेही सांग की तिची सख्खी नातलग आपल्याकडेच, महाराष्ट्रातल्या कोरड्या, झुडपी माळांवर राहते. निरुपद्रवी असून विषारी समजून मारली जाते बिचारी. (ती रानातली आहे, तिला उचलून घरी आणायचं नाही, हे इथल्या वाचकांसाठी.) केशरचे पूर्वज अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य भागातले. आईला हे ऐकून लगेच माया फुटेल असं नाही. पण "पाल होती" याऐवजी "तुझी केशर" एवढं तरी ती म्हणेल, अशी मला आशा आहे. आणि नाहीच म्हणाली, तर तिच्याकडून ते मिळण्याची वाट बघत तुझं रडू अडवून ठेवू नकोस.

भोवतालचे लोक ज्या दुःखाला दुःखच मानत नाहीत, त्याचा अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८०च्या दशकापासून अभ्यास केला. गर्भपात, लपवलेलं नातं, पाळीव जनावर. कुणी भेटायला येत नाही, सुट्टी मागता येत नाही, नाव घेता येत नाही, आणि मग माणूस दुःखासोबत लाजही बाळगतो. तू ऑफिसात "घरी अडचण आहे" म्हणालीस, त्यात ही लाज आहे. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर "सहा वर्षं सांभाळलेलं माझं जनावर गेलं" असं सांग. कोणतं जनावर ते सांगायला तू बांधील नाहीस. बहुतेक माणसं एवढ्यावर आदरानं गप्प होतात.

बोलायला कुणी हवं असेल तर कॉर्नेल आणि टफ्ट्स विद्यापीठांच्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या मदतवाहिन्या आहेत. फोन उचलतात ते प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थी. तिथं कुणी गेको आहे म्हणून हसणार नाही. संध्याकाळी फोन कर, कारण तुझी कठीण वेळ तीच असणार. लेपर्ड गेको दिवसभर झोपते आणि दिवेलागणीला बाहेर येते. सहा वर्षं तू कामावरून दमून आलीस की केशर जागी व्हायची. एकटीनं परदेशात राहणाऱ्या मुलीसाठी ही मोठी सोबत असते, आणि ती सोबत करणारीचं वजन किती ग्रॅम होतं यानं काही कमी-जास्त होत नाही. तिच्या टाकीचा हीटर अजून चालू असेल तर आज बंद कर. रिकाम्या टाकीला ऊब देत राहण्यानं तुझं मन रोज त्याच जागी जाऊन बसेल.

आता छोटू.

आधी भीती दूर करते. छोटूला लागण झालीच असेल असं नाही. आणि झाली असली तरी ती आजारी पडेलच असं नाही. एका पॉझिटिव्ह रिपोर्टवर तिला कायमचं झोपवायचा निर्णय कुणी सुचवला तर ऐकू नकोस. तसंच एका निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्तही होऊ नकोस, कारण हा परजीवी विष्ठेतून रोज बाहेर पडत नाही, मधून मधून पडतो. काही आठवड्यांच्या अंतरानं निदान तीन नमुने पीसीआरला दे आणि प्रयोगशाळेला परजीवीची जात ओळखून द्यायची विनंती कर. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अनुभवी डॉक्टर हवे असतील तर एआरएव्ही या पशुवैद्यकांच्या संघटनेची यादी आहे, तिथं तुझ्या भागातले सापडतील.

छोटू वाढीच्या वयाची आहे, म्हणजे तिचं वजन नुसतं टिकून चालणार नाही, वाढलं पाहिजे. टाकीत वाळू, माती असेल तर काढ आणि कागदी टॉवेल अंथर, म्हणजे विष्ठा रोज दिसेल आणि रोज उचलता येईल. उबेच्या बाजूच्या पृष्ठभागाचं तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सियस, थंड बाजूला २४ ते २६, आणि हीटर थर्मोस्टॅटवरच हवा. तुमच्याकडच्या जानेवारीत खिडकीजवळची टाकी रात्रीतून गार पडते. शरीर गार पडलं की तिचं पचन मंदावतं आणि रोगाशी लढायची ताकदही. हात लावून ऊब बघू नकोस, तापमापी ठेव.

केशरच्या टाकीतलं काहीही छोटूकडे न्यायचं नाही. उरलेले किडे तर अजिबात नाहीत, कारण विष्ठेवरून फिरलेला किडाही परजीवी पोचवतो. लाकूड, कॉर्क, नारळाची करवंटी, असं जे काही सच्छिद्र आहे ते सरळ टाकून दे. चिमटा, वाट्या पाण्यात चांगल्या उकळ. काच वाफेनं धू आणि पूर्ण कोरडी होऊ दे. नेहमीच्या ब्लीचवर भिस्त ठेवू नकोस. तुझ्या शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहरात १९९३ साली पिण्याच्या पाण्यातून क्रिप्टो पसरला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. त्या पाण्यात ब्लीचसारखंच क्लोरीन होतं, तरी तो मेला नाही. माणसांना झालेली जात वेगळी, पण परजीवीचं कवच असंच चिवट. अमोनियानं तो मरतो, मात्र त्याची वाफ माणसाला आणि गेकोला दोघांना घातक आहे, आणि ब्लीचमध्ये अमोनिया कधीही मिसळायचा नाही, विषारी वायू तयार होतो. घरी उकळतं पाणी आणि वाफ एवढंच वापर. माझं विचारशील तर केशरची टाकी साफ करून दुसऱ्या कुणाला देऊही नकोस, विकूही नकोस.

तुला स्वतःला गेकोच्या या जातीपासून धोका असल्याचं माहीत नाही. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू बरेचदा असतो, त्यामुळे टाकीत हात घातल्यावर साबणानं हात धुणं चुकवायचं नाही, आणि टाकीतल्या वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायच्या नाहीत. वजनाचा काटासुद्धा तिच्यासाठी वेगळा घे.

छोटू पॉझिटिव्ह निघाली आणि तरी खाते-पिते, वजन धरून आहे, तर ती एकटी, स्वच्छ, उबदार टाकीत चांगलं जगू शकते. फक्त तिच्या सोबतीला दुसरी गेको आणायची नाही आणि तिला दुसऱ्या घरी द्यायचं नाही. पुढे कधी ती झडायला लागली तर या वेळी राहून गेलेला तो सोपा शेवट तिला वेळेवर देता येईल, डॉक्टरांकडे, इंजेक्शननं. फ्रीजरमध्ये ठेवून झोपवण्याचे सल्ले फिरत असतात, ते क्रूर आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

आणि सध्या छोटूला हातात घ्यावंसं वाटत नसेल, तिच्याकडे बघून राग येत असेल, तर तेही मला चुकीचं वाटत नाही. माया आपोआप आली तर येऊ दे. तोवर पाणी, ऊब, कागद बदलणं आणि रविवारचं वजन एवढं चुकवू नकोस. आज रात्री चिमटा उकळ, उद्या डॉक्टरांना फोन करून केशरच्या तपासणीचं आणि छोटूच्या पहिल्या नमुन्याचं विचार. तिन्ही रिपोर्ट आले की आकड्यांसकट मला लिही, मग पुढचं ठरवू.

तुझी,
ताई